तोंडचा शब्द

मॅडम : अठरा वेळा. काचेपलीकडे बसून मी एकेक रेघ ओढत होते. अर्ध्या तासात अठरा वेळा तू काकांच्या तोंडचा शब्द काढून घेतलास.

विद्यार्थिनी : कात्रीचं चित्र बघून ते ‘का... का...’ करत अडले होते, मॅडम. मी ‘कात्री’ म्हणून टाकलं. बघवत नव्हतं. घाम फुटला होता.

मॅडम : त्यांना?

विद्यार्थिनी : ...मला.

मॅडम : चाळीस वर्षं कपडे शिवलेला माणूस. अर्धांगवायूचा झटका आला. हात सावरला, शब्द मात्र अडकले. मनात आहेत, जिभेवर येत नाहीत. घरी काकू पुरवतात, इथे तू. मग त्यांनी बोलायचं तरी कुठे?

विद्यार्थिनी : म्हणूनच म्हणते, हे मला जमायचं नाही. वाचा-उपचाराच्या लेखी परीक्षेत पहिली आले, पण पेशंटसमोर बसले की माझंच तोंड सुटतं. सोडून देते झालं.

मॅडम : शिकत असताना मीही माझ्या एका पेशंटला, एका शाळामास्तरांना, बोलू दिलं नव्हतं. चौथ्या खेपेला ते आलेच नाहीत. काका अजून येताहेत. उद्या चित्रांची कार्डं कपाटातच राहू देत. ज्यातलं त्यांना तुझ्याहून जास्त कळतं, ते विचार. आणि जीभ आवर.

(दुसऱ्या दिवशी, त्याच खोलीत.)

विद्यार्थिनी : काका, आज तुम्ही मला शिकवायचं. हा माझा कुर्ता बघा. हात वर केला की अख्खा वर चढतो. कुठे चुकलंय?

काका : का... का...

विद्यार्थिनी : हं.

काका : का... कान... नाही! छे!

विद्यार्थिनी : असू दे. सावकाश. मला कुठे जायचं नाहीये.

काका : का... काख. काखेत...

विद्यार्थिनी : कापड क...

काका : थांब!

विद्यार्थिनी : चुकले, चुकले. बोला.

काका : काखेत... कापड... कमी. को... कोणी शिवलं?

विद्यार्थिनी : मीच. घरच्या मशीनवर.

काका : गा... गा...

विद्यार्थिनी : ...

काका : गाढवा...सारखं!

विद्यार्थिनी : अहो काका, किती हसाल! डोळ्यांतून पाणी आलं की तुमच्या. बरं, आता काय करू ते तरी सांगा.

काका : उ... उस... उसव.

विद्यार्थिनी : सगळं?

काका : सगळं. बस... इथे. मी... मी सांगतो.