दुसरी बाही

वकीलबाई : हमरस्त्यावरचं शिवणाचं दुकान, तीन मशीन, वर राहायची खोली आणि बांधलेलं गिऱ्हाईक. मावशीच्या एका सहीत एवढं पदरात पडलं, तरी तोंड एरंडेल प्यायल्यासारखं?

भाचा : मावशी पोलिसांत गेली ना. म्हणते, सही जबरदस्तीनं घेतली. हा कागद बघा. ‘राजीखुशीनं’ असं तीनदा लिहिलंय.

वकीलबाई : खुशी असली की एकदा पुरतं. आणि ही सही? मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखी.

भाचा : डाव्या हातानं केली. उजव्याची बोटं दारात सापडली होती.

वकीलबाई : कशी?

भाचा : ‘सही करत नाही’ म्हणत ती बाहेर निघाली, आणि वाऱ्यानं दार लागलं.

वकीलबाई : कडीही वाऱ्यानंच लावली?

भाचा : तुम्हाला कुणी सांगितलं?

वकीलबाई : तुम्हीच, आत्ता. पुढे?

भाचा : मी म्हटलं, सही कर, लगेच दवाखान्यात नेतो. आणि नेलं की, माझ्या गाडीनं. हे माझ्या बाजूनं धरतील ना?

वकीलबाई : ही तुमची बाजू आहे?

भाचा : फार तर दंड होईल. इस्त्रीवाल्याच्या मेव्हण्याला दंडच झाला होता.

वकीलबाई : तो जुना कायदा. एक तारखेपासून नवा आलाय. धाकानं काही करून घेतलं आणि त्यात माणसाला गंभीर इजा झाली, तर दहा वर्षांपर्यंत कैद. कागदावर तारीख काय?

भाचा : तीन.

वकीलबाई : तीनच दिवस आधी सुचलं असतं तर.

भाचा : सुचलं होतं हो. पण पाटीवाल्यानं रखडवलं. माझ्या नावाची पाटी आल्यावरच सही घ्यायची, असं ठरलं होतं.

वकीलबाई : कुणाचं ठरलं होतं?

भाचा : माझं.

वकीलबाई : पाटी तरी बरी झाली?

भाचा : अक्षर ठळक आहे. बाई, मी मावशीला समजावू का, तक्रार मागे घे म्हणून? तिच्या खोलीची किल्ली आहे माझ्याकडे.

वकीलबाई : ती पोलिसांकडे जमा करा. एक जबरदस्ती निस्तरायला दुसरी कशाला?

भाचा : मग इजा गंभीर नाही, असं म्हणा. बोटंच तर आहेत.

वकीलबाई : डॉक्टर काय म्हणाले?

भाचा : जखम भरेल. कात्री मात्र धरता येणार नाही.

वकीलबाई : दुकानात कापड कोण बेततं?

भाचा : मावशी.

वकीलबाई : गिऱ्हाईक कुणाच्या हातासाठी येतं?

भाचा : मावशीच्याच. म्हणून तर चालतं दुकान.

वकीलबाई : चालतं नाही, चालायचं. घड्याळवाल्याच्या शेजारचं का हो?

भाचा : तेच. ओळखता?

वकीलबाई : (कपाटातून काळा कोट काढून) शिवायला टाकलेला हा परवा घरी आला. एक बाही लावलेली, दुसरीवर नुसत्या खडूच्या खुणा. खिशात चिठ्ठी होती. वाचा, अक्षर ओळखीचं वाटेल.

भाचा : ‘दुसरी बाही राहिली. माफी असावी.’

वकीलबाई : तुमचं वकीलपत्र मी घेत नाही. तुम्ही सांगितलंत ते माझ्यापाशीच राहील. जाताना फक्त एवढं ध्यानात ठेवा, या प्रकरणात आजवर माफी मागितली ती तिनं एकटीनंच.