शैलजाचा उजवा कान

मंडळी, आज एकच विचारतो. ज्यानं आपल्याला आपलं म्हणावं असं वाटतं, त्याच्यापासून आपण किती लपवावं? थोडं? की सगळंच? लगेच उत्तर नको. आधी शैलजाचं ऐका.

ही हिंगणघाटची शैलजा टेकाडे. वय एकोणतीस, शेतीचं शिक्षण झालेलं. लहानपणी गालगुंड झालं. ताप उतरला, पण उजव्या कानाचं ऐकणं घेऊन गेला. डावा कान मात्र लख्ख. वडील मनोहरराव बजावायचे, "उजव्या टोकाला बस, म्हणजे माणसं डावीकडे राहतील. कानाचं काढू नकोस. एकदा निवड होऊ दे, मग बघू."

हे मुलाखतीसाठी, की मुलगी बघायला येणाऱ्यांसाठी? अहो, दोन्हींसाठी! इकडे अर्ज, तिकडे बायोडेटा. साडी तीच. प्रश्नही तोच — "लग्नानंतर नोकरी सोडणार का?" आणि उठताना दोघंही म्हणणार, "कळवतो." हे कळवणारे पुढे कुठं जातात, देव जाणे. हसताय? ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी आहे, ते बघा, हसत नाहीयेत.

एकदा वर्ध्याहून हेमंत काळमेघ आले. शाळेत शिक्षक, सोबत आई. त्यांनी वेगळंच विचारलं. "तुम्हाला कशात रमायला आवडतं?"

शैलजा गडबडली. मग म्हणाली, "ओल्या कागदावर बी ठेवायचं आणि कोंब येताना बघायचं. रोज थोडं थोडं."

"मलाही दाखवाल?" ते म्हणाले.

मंडळी, एवढंच बोलणं. पण ते तिच्या मनात घर करून बसलं. जाताना "कळवतो" म्हणाले. ती वाट बघत राहिली. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायची. आठवडे गेले, महिने गेले. कळवलं नाही. नोकरीचंही तसंच. तिथं टोकाची खुर्ची मिळायची नाही; उजवीकडच्या साहेबांचा प्रश्न तिला ऐकूच यायचा नाही, आणि ती भलतंच उत्तर देऊन यायची.

मग अमरावतीला बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत मुलाखत होती. खुर्ची मधोमध. दोन्ही बाजूंना माणसं. शैलजा उभीच राहिली. कंटाळली होती हो ती, स्वतःला झाकून झाकून. म्हणाली, "मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. माझ्या डावीकडून बोलाल का?"

उजवीकडच्या बाई उठल्या, आपली खुर्ची उचलून डावीकडे येऊन बसल्या. "हं, आता सांगा."

नोकरी मिळाली. आणि त्या बळावर तिनं वर्ध्याला फोन लावला.

"कळवतो म्हणाला होतात, मग कळवलं का नाही?" तिनं हेमंतना विचारलं. ते म्हणाले, "आई खुर्ची ओढून तुमच्या शेजारी येऊन बसली होती. हळूच म्हणाली होती, येशील का गं आमच्या घरी? तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाही. आम्हाला वाटलं, तुमच्या मनात नाही."

"कोणत्या बाजूला बसल्या होत्या?" तिनं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"उजव्या," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात माझं लग्न झालं, शैलजाताई."

"सुखी राहा," ती म्हणाली. फोन ठेवला आणि प्रयोगशाळेत जाऊन कागद ओले करू लागली. हात चालत होते, डोळे वाहत होते. ज्या एका प्रश्नाची आयुष्यभर वाट पाहिली, तो तर कधीच विचारून झाला होता.

आज तिच्या बायोडेटात कानाचं पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं. फोन कमी येतात. ती अजून वाट बघते आहे. पण कोणत्या बाजूला बसू, ही धास्ती आता नाही.

मंडळी, देवाला काही सांगावं लागत नाही, त्याला सगळं ठाऊक असतं. माणसाला मात्र सांगावं लागतं. आता हात जोडा, डोळे मिटा, आणि देवाचं नाव घेण्याआधी मनाला विचारा — आज शेजारी येऊन बसलेल्या आपल्या माणसाला आपण अजून काय सांगितलेलं नाही?