तिसरा गज

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं पुनम! बोल, बोल. थांब, मागच्या दारी येते आधी… हं, आता बोल. घरात बोलायची सोयच राहिली नाही. बहीण-भावाचा अबोला आणि निरोप न्यायला मी.

काय? व्हिडिओ रावेरपर्यंत पोचला?… स्टेटसला? आणि वर गाणंही लावलंय? हद्द झाली.

हो, हो, त्या आपल्या कोकिळा आत्याच. डीजेच्या ट्रॉलीवर चढलेल्या… अगं हसतेस काय! अठ्ठ्याहत्तरीची बाई आहे. पाय घसरला असता म्हणजे?

टोपी? ती सत्कारातली. अगं ऐक ना… ऐक. साडी मीच आणली होती धुळ्याहून, चांगली काठापदराची. पण साडी दिली की ओटी भरावी लागते, आणि आत्यांचं लग्न झालेलं नाही. मग भरायची का नाही, यावर बायकांचं सुरू झालं. शेवंताबाई म्हणतात भरा, त्यांची जाऊ म्हणते कसं चालेल. इकडं हार सुकायला लागले. शेवटी झुलालनाना म्हणाले, टॉवेल-टोपी द्या अन् मोकळे व्हा… दिली की! गावातल्या पहिल्या बाई, टॉवेल-टोपी घेणाऱ्या. आत्यांनी तिथंच घातली. मला हळूच म्हणाल्या, ‘रूपाली, मानसन्मान पुष्कळ झाले, पण डोक्यावर बसणारा हा पहिलाच.’

नाही गं, रागावल्या नाहीत. त्यावर नाही रागावल्या.

आबांचं भाषण? काय सांगू तुला. तुझ्या वडलांनी आयुष्यभर गावाला काय सांगितलं? ‘मन्ही बहीण मुंबईले लायटीनं काम करस.’ हो ना! लोकांना वाटायचं वायरमन असेल. आणि काल माईकवर एकदम, ‘हिनं लेझरचा शोध लावला.’ आत्यांनी तिथल्या तिथं सांगितलं, शोध परदेशात लागला, आम्ही आठ-दहा जणांनी तो आपल्याकडं पेटवून दाखवला. आबांना वाटलं, विनय.

तीच तर गंमत. आबांना सगळा विनयच वाटतो… तुला तारेची गोष्ट माहीत आहे ना?… नाही? अगं, आत्यांची ती लेझरची काचेची नळी पहिल्यांदा पेटली, लाल रेघ भिंतीवर पडली, तेव्हा त्यांनी घरी तार केली. तार आली म्हटल्यावर तुझ्या आजीनं न वाचताच गळा काढला. सगळी आळी गोळा. मग मास्तरांनी वाचून दाखवली, ‘लेझर चालू झाला.’ तुझे आजोबा म्हणाले, मग आधी बंद का ठेवला होता?… हो, एवढंच! महिनोन् महिने त्या नळीच्या टोकांचे दोन आरसे समोरासमोर जुळवत बसल्या होत्या बिचाऱ्या, केसाएवढा फरक चालत नाही म्हणतात. आणि घरी कौतुक काय, तर बंद का ठेवला होता.

भांडण कशावरून? सांगते ना. शाळेतल्या विज्ञानाच्या खोलीला आत्यांचं नाव द्यायचं ठरलं. आत्यांनी फोनवर एकच अट घातली. मिरवणूक काढा, वाजवा, पण ते डीजेवरचे लेझर नकोत… आबा म्हणाले, बरं. आणि फोन ठेवून लगेच डीजेवाल्या हिलालला सांगितलं, सगळ्यात मोठे लेझर आण.

मी विचारलं ना! म्हटलं, आबा, आत्या नको म्हणाल्यात. तर म्हणतात, ‘पाहुणा पुरे म्हणस म्हणीसन मांडा वाढाना थांबतस का?’ म्हणजे बघ. आत्या सांगताहेत डोळे जातील, आणि हे आग्रह करताहेत. पुरणाचा मांडा वाढल्यासारखा लेझर वाढला.

हो… हो, मग संध्याकाळी गाडी आली दारात. हिरवी रेघ सगळ्या गल्लीत फिरतेय, पोरं नाचताहेत, आणि आबा ट्रॉलीच्या पुढं हात वर करून उभे, फोटो काढा म्हणून. रेघ सरळ तोंडावर. आत्या ओरडत होत्या, डोळे मिटा, मागं व्हा! पण त्या दणक्यात कोणाला ऐकू जातंय? मग चढल्या वर. हिलाल त्यांना म्हणतो, ‘आजी, हाई चायनानं शे, तुमना येळनं नै.’

अगं खरंच, तुमच्या काळातलं नाही म्हणाला! आत्यांनी लेझरची वायरच उपटली. माईक घेतला आणि म्हणाल्या, जे जे समोर उभे होते त्यांनी डोळे तपासून घ्या… काय होणार? टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, भाषण सुरू झालं.

आणि आबांचं म्हणणं, भर गावात नाक कापलं. तेव्हापासून बोलत नाहीत. सकाळपासून चहासुद्धा एकानं ओट्यावर, एकीनं चुलीपाशी. आत्यांनी बॅग भरलीय, दुपारच्या गाडीनं पुण्याच्या घरी परत.

पुनम, आता हे नीट ऐक… नाही, हे दुसरं. आवाज हळू कर तुझा. स्पीकरवर नाही ना?… केळीच्या गाड्या भरू दे त्यांना, तू जरा बाजूला ये.

काल भाकरी थापताना मी आत्यांना सहज विचारलं, हातात बांगडी का नाही घालत. अगं, तुझी आजी जाईपर्यंत रडायची ना, लेकीचे हात भुंडे म्हणून. दर वेळी बळंच चढवायची… हो, आणि बायका काय काय बोलायच्या, तुला माहीतच आहे. तर कारण काय? आईच्या समाधानासाठी एक पितळी बांगडी घालून गेल्या होत्या कामावर. रेघ त्या बांगडीवर पडली, उलटली आणि डाव्या डोळ्यात गेली. टिचकी वाजवायला लागते तेवढासुद्धा वेळ नाही लागला. डोळ्याच्या मधोमध डाग, कायमचा… हो, म्हणजे इतकी वर्षं एका डोळ्यावर. त्याच्यानंतर त्यांनी डोळ्यांच्या दवाखान्यातल्या लेझरच्या मशिनींवर काम केलं, बायाबापड्यांची नजर वाचली. आणि आपण घरात बसून त्यांचे हात मोजत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

तर त्या म्हणाल्या, दुखत नाही, लाल होत नाही. फक्त जिथं बघावं नेमकं तेच दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं.

आणि आज सकाळी आबा मला काय म्हणाले सांगू? ‘माणूसकडे दखं त तोंडच दिसत नै, नुसता कान दिसतस.’

हॅलो? आहेस ना?… रडू नकोस. अगं मलाच सुचत नाहीये… तेच म्हणाले, झोप व्हयनी नै. आणि अक्काले सांगशी त नातवंडांची शपथ! आत्यांना सांगायचं नाही म्हणून शपथ घालून मोकळे. कालच्या भांडणात बहीण खरी ठरेल ना! डोळा गेला तरी चालेल… हे ना? हे मंडप उतरवायला गेलेत, फोन उचलत नाहीत.

हो, मलाही कळतंय दवाखान्यात न्यायला हवं. उशीर झाला तर काही हाती लागत नाही म्हणे. पण ऐकतात कोणाचं? तुझ्या सांगण्यानं येतील? मागं दाढ दुखली तेव्हा… हं. ऐकलं असतं तर एका आत्यांचंच, आणि त्यांच्याशीच अबोला. त्या गेल्या की संपलं.

पोरं बरी आहेत. आत्यांनी सकाळीच गल्लीतली सगळी पोरं ओट्यावर उभी केली. एक डोळा झाका, पुढच्या खिडकीकडं बघा, गज कसे दिसतात सांगा. पोरं ओरडली, तिसरा वाकडा, तिसरा वाकडा!… हो, तो आहेच वाकडा पहिल्यापासून. आत्या म्हणाल्या, शाब्बास, पळा.

आबा? आबा तेव्हा मळ्यात गेले होते मुद्दाम. आत्ता आलेत.

काय म्हणतेस, शपथ मोडू?… तुझ्या नावानं? तुझं नाव घेऊन माझ्या पोरांवरची शपथ कशी उतरेल गं…

थांब. थांब, पुनम. बोलू नकोस.

आत्या उठल्या… बॅग नाही घेतली. ओट्यावर चालल्यात. डोक्यावर ती टोपी अजून… मी खिडकीच्या आतल्या बाजूला येते… हं. आबांपुढं उभ्या राहिल्यात. आबांनी तोंड फिरवलं… धरला हात. अगं, धरून उठवलं त्यांना! खिडकीकडं तोंड केलंय. उजवा उघडा ठेव म्हणताहेत, डावा स्वतःच्या हातानं झाकलाय. मी समोर उभी आहे गं, आबा माझ्याकडंच बघताहेत, पण… पण बघत नाहीयेत.

विचारलं. गज कसे दिसतात.

आबा म्हणतात… ‘बठ्ठा सरळ शेतस.’

हो. तेच म्हणाले. सगळे सरळ. छाती पुढं काढून.

श्श… आत्या बोलल्या. अगं, अहिराणीत बोलताहेत! मी लग्न होऊन आले तेव्हापासून कधी ऐकलं नव्हतं. ‘भाऊ, तिसरा गजमा तुनं डोकं अडकनं व्हतं. बापनी पहार लाईसन वाकाडा.’

आबा खाली बसले.

नाही, पडले नाहीत. बसले. स्वतःची टोपी काढून मांडीवर घेतली त्यांनी… म्हणताहेत, ‘अक्का, तुनं तोंड दिसत नै माले.’

पुनम, ऐक… त्या म्हणताहेत, ‘माले बी डावा डोयाथीन तुनं तोंड कितलाक वरीस दिसत नै.’… नव्हतं माहीत गं! आबांना कुठं माहीत होतं? त्यांचं तोंड बघ ना… तू कशी बघणार. आबा विचारताहेत, मंग सांगं नै कधी?

आत्या म्हणाल्या, ‘इचारं कोनी?’

हो आत्या, आले!… गाडीची चावी मागताहेत. धुळ्यात त्यांच्या ओळखीचे डोळ्यांचे डॉक्टर आहेत म्हणे, त्यांची मशीन बसवायला ह्याच गेल्या होत्या. जातील आबा… जातात. उठलेत. आत्यांच्या हाताला धरून उठलेत.

तू थेट धुळ्यालाच ये. केळी भरत राहतील… काय?… आवाज येत नाही तुझा. हॅलो? पुनम?… हॅलो?… गेला वाटतं. आले आत्या, आले!