कासारणीचा हात

माझं माहेर संगमेश्वराकडचं, कासाराचं घर, आणि लग्न होऊन जोगेश्वरीला आले ती सासूबरोबर चाळीचाळीतून बांगड्या भरत हिंडायला लागले. काय सांगू तुम्हाला, कसाही राठ हात असू दे, दाबून दाबून मऊ करायचा आणि बांगडी चढवायची, बाईला कळायचंसुद्धा नाय.

साठी उलटली आणि किडन्या गेल्या. डॉक्टर बोलले, आजी, आता मशीनवर रक्त धुवायला लागेल, त्यासाठी मनगटात दोन शिरा जोडू, शीर फुगली की तिच्यातच सुया टोचायच्या. डाव्या हाताला केलं. तरण्या माणसांची दोरीसारखी फुगते, माझी काय फुगेना. तोवर जांघेत नळी घालायचे, ते दुखणं वैऱ्याला नको. आणि एक दिवस मनगटाला बोट लावलं तर आत रक्त धावतं त्याची घरघर बंद. गेली शीर. डॉक्टर बोलले, वय झालं आजी, शिरा बारीक झाल्यात, कडक झाल्यात, आणि डाव्या दंडातल्या तर सलाईन लावून लावून जळल्यात, आता उजवा हात, कोपराच्या वर.

उजवा! त्या हातानं वजन उचलायचं नाय, जोर लावायचा नाय, बांगडी घालायची नाय. मी बोलले, मग मला घरीच जाऊ दे. आले निघून, मशीनपण सोडली. पाय सुजले, आडवं पडलं की दम लागायचा, तरी हट्ट सोडला नाय. आमचे हे कंपनीत वॉचमन होते, बोलणारा माणूस नाय. उठले, माझी बांगड्यांची टोपली उचलली आणि माळ्यावर टाकली. मी ओरडले, हे काय करता? तर बोलले, उद्या सकाळी हॉस्पिटलात जायचं, चप्पल बाहेर काढून ठेव.

उजव्या हाताची ती शीर चालली बघा. पण हात ओका तो ओकाच. शेजारीण दारातून बोलली, सवाष्ण बाई आणि उजवा हात असा? तर आतून हे बोलले, मी इथं चहा पितोय, दिसत नाय का?

आता टोपली सून घेते. बायकांचे हात दुखवते, बांगड्या फोडते, मी बसून सांगते, अगं अंगठा आत घे, घाई नको. मशीनच्या दिवशी मात्र पिळलेल्या फडक्यासारखी येते आणि पडते. ही शीर कधीपर्यंत चालेल, सिस्टर बोलते, सांगता येत नाय आजी. बंद पडली तर पुढे जागा नाय आता. चालेल तेवढी चालेल.

तुमचा हात बघू. मऊ आहे हो, शिरा पण कशा ठळक. देव करो, त्यांना कधी सुई न लागो.