कठड्याशी बांधलेले चौघे

—नको, आत्या-बित्या म्हणू नका मला, तुम्ही कुठले माझे भाचे? चहा घ्या. बघताय काय त्यात, दूध-वेलचीच आहे! हं, तर काय म्हणत होतात — मोठमोठे देश बैठकीला बसलेत, समुद्रातल्या चाच्यांचं काय करायचं ते ठरवायला, आणि त्यांना आम्हा सोमाली लोकांचं मत हवंय. माझं मत! चहावालीचं! त्यासाठी एवढ्या लांबून धूळ खात आलात? बरं बाई, सांगते. युद्धनौका पाठवा म्हणता — पाठवल्यात की. होड्या जाळा — जाळल्यात, त्यात साध्या कोळ्यांच्याही जळल्या. आणि ते परदेशी ट्रॉलर आमचा समुद्र खरवडून नेतात, आमची जाळी फाडतात — त्यांच्यामागे लावली कधी एखादी नौका? नाही ना? मग? आता लिहाल, बाई चाच्यांची बाजू घेते. मुळीच नाही. खलाशांवर बंदुका रोखायच्या, त्यांना ओलीस धरायचं, हे पापच — त्यांनाही आया असतात. पकडा, खुशाल पकडा! पण निवाडा इथे करा, आमच्या वडीलधाऱ्यांसमोर, त्या बाभळीखाली. भलत्याच देशात नेऊन वर्षानुवर्षं कोंडून ठेवता, तिथे भेटायला कोण जाणार? — कोण म्हणजे? ज्याचं त्याचं माणूस! माझं काय, माझा पोरगा वर्समे बोसासोला असतो, बंदरावर हमाली करतो. फोन? बिघडलाय त्याचा. बरेच दिवस झाले बिघडून. तुम्हाला काय करायचंय?

हे काय — फोटो? जहाजावर धरून ठेवलेले चौघे? वाटलंच मला! मत-बित काही नाही, माणसं ओळखून घ्यायला आलात. आणि ओळखली की चाचे म्हणून आत टाकायची, असंच ना? आणा इकडे. माना खाली, डोक्यावर टॉवेल — कोण ओळखणार? नावं सांगत नाहीत? शहाणी आहेत पोरं. हा आमच्या गावचा नाही. हाही नाही. तो कडेचा... नाही, नाही. कोण कुठले, अल्लाला ठाऊक. पण जेवू तरी घाला की नीट! बाकीची तिघं खातायत, आणि ह्या कडेच्याची ताटली बघा, भात तसाच. खाणार कसा तो? डावा हात बेडीनं कठड्याला अडकवून ठेवलाय तुम्ही—

का हो, लिहायचं का थांबलात?

हो, उजवा मोकळा आहे, दिसतंय मला. उजव्यानंच जेवतात सगळे. आमच्यात डाव्या हातानं घास उचलतं का कोणी? लहानपणी हातावर फटके मारून मारून आई सवय मोडते — आणि नाहीच मोडली, तर चारचौघांत जेवतच नाही ते पोर, उपाशी उठतं.

चहा संपला ना? उठा. पैसे नकोत, उठा म्हणते ना! मी कोणाला ओळखत नाही, लिहा तसं. आणि हे बघा — त्या जहाजवाल्यांना म्हणावं, त्याची बेडी दुसऱ्या हाताला लावा. जा आता.