तिसऱ्या मिनिटाचा रंग

ट्रेनर: सहा वाजून वीस मिनिटं. कार्बनच्या पहिल्या टाकीनंतरचं पाणी. नळीत दहा मिली घेतलं, तपासणीची गोळी विरघळली, तीन मिनिटं झाली. वाचा, काका.

पाणीकाका: शून्य.

ट्रेनर: उजेडात धरून वाचा.

पाणीकाका: उजेडातच धरलीय, मॅडम. शून्य.

ट्रेनर: पंप बंद करा.

पाणीकाका: शून्य आलंय तरी?

ट्रेनर: आधी बंद करा. मग बोलू.

(पंपाचा आवाज थांबतो. थोड्या वेळाने भिंतीवरचा इंटरकॉम वाजतो.)

सिस्टर: पाणीकाका, डुलकी लागली की काय? मशीनचं पाणी तुटलं. सहाच्या सहा खुर्च्या भरल्यात माझ्या. सातला पहिला पेशंट लावायचाय.

ट्रेनर: सिस्टर, मी ट्रेनर बोलतेय, कालपासून शिकवायला आलेली. पाणी मी थांबवलंय. मी सांगेपर्यंत एकाही पेशंटला मशीन लावू नका.

सिस्टर: असं कसं? डायलिसिस आहे हे, केस कापायचं दुकान नाही, उद्या या म्हणून सांगायला. काकांना द्या जरा.

ट्रेनर: काका इथेच आहेत. तुम्ही डॉक्टरांना फोन करा. सांगा, पहिल्या टाकीनंतरच्या पाण्यात क्लोरीन आहे. पॉइंट चार. पॉइंट एकच्या वर चालत नाही.

सिस्टर: अगं बाई. करते. लगेच करते.

पाणीकाका: मॅडम, क्लोरीन असेल तर नळी गुलाबी होते.

ट्रेनर: हो.

पाणीकाका: नळी स्वच्छ आहे.

ट्रेनर: नळी गुलाबी आहे, काका. फिकी म्हणावी अशीही नाही. इकडे बघा. या दोन नळ्या. एकीत गोळी टाकलेलं पाणी, दुसरीत पिण्याच्या बाटलीतलं नुसतं पाणी. गोळीची कुठली?

पाणीकाका: डावी.

ट्रेनर: डावीत नुसतं पाणी आहे.

पाणीकाका: मग उजवी.

ट्रेनर: आता काय, दोनच होत्या. डोळे कधी तपासलेत?

पाणीकाका: डोळे ठणठणीत आहेत. चष्म्याशिवाय पेपर वाचतो. फक्त हा एक रंग... लहानपणापासून आहे ते. भडक असला की कळतो. टोमॅटो पिकलाय का ते दाबून बघतो. त्याने काही अडत नाही.

ट्रेनर: इथे अडतं. थांबा, दुसऱ्या टाकीनंतरचा नमुना मी पंप बंद व्हायच्या आधीच घेऊन ठेवलाय. त्यात गोळी टाकते. सहा एकतीस. तीन मिनिटं. तोवर मला सांगा, तुमच्या इथल्या अकरा वर्षांत ही नळी कोण वाचत होतं?

पाणीकाका: ती.

ट्रेनर: ती कोण?

पाणीकाका: आमची ही. इथेच वर कामाला होती, चादरींच्या खोलीत. सहाला दोघं बरोबर यायचो. ती त्या दारात उभी राहायची, आत नाही यायची, चपला ओल्या होतात म्हणून. मी नळी वर धरायचो. ती आकडा सांगायची आणि चादरी मोजायला वर जायची. पाव मिनिटाचं काम.

ट्रेनर: आणि आता?

पाणीकाका: मुलीच्या बाळंतपणाला गेली. आठ महिने झाले.

ट्रेनर: काल रात्री मी तुमची वही खोलीवर नेली होती. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत आकडे माणसासारखे आहेत. शून्य, मग पॉइंट शून्य दोन, मग पॉइंट शून्य पाच, परत शून्य. टाकीतला कोळसा बदलला त्या आठवड्यात सगळी शून्यं, बरोबर. मग एका मंगळवारपासून सलग शून्य. दोनशे सहा शून्यं. मोजली मी.

पाणीकाका: मोजलीत?

ट्रेनर: म्हणून तर आज मोठ्याने वाचायला लावलं. मला वाटलं, टेबलावर बसून, न बघता भरता.

पाणीकाका: नाही, मॅडम. तेवढं म्हणू नका. न बघता एक दिवस नाही लिहिलं. रोज नळी धुतली, रोज गोळी टाकली, रोज घड्याळ लावून तीन मिनिटं बसलो. मग वर धरली.

ट्रेनर: आणि?

पाणीकाका: आणि शून्य दिसलं.

ट्रेनर: सिस्टरना दाखवायची. वॉर्डातल्या कोणालाही. पाव मिनिटाचंच काम होतं ना?

पाणीकाका: दाखवायची आणि सांगायचं काय? की अकरा वर्षं मी... दुसऱ्या ऑपरेटरची खुर्ची सहा वर्षं रिकामी आहे, त्यावर माझी छत्री असते. खाली इथे कोण येतं? बल्ब गेला तर वायरमन येतो, तोही वरूनच हाक मारतो. वाटलं, पंधरा दिवसांत ती येईलच. पंधरा दिवस म्हणजे काय, निघून जातात.

ट्रेनर: मग आल्या का नाहीत?

पाणीकाका: बाळ सातव्यातच झालं. एवढंसं. दिवसभर कोणीतरी छातीशी धरून बसायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग ते धरलं. मग मुलीची नोकरी परत सुरू झाली. आता ते बसायला लागलंय, त्याच्याकडे बघायला कोणीतरी लागतंच.

ट्रेनर: त्यांनी विचारलं असेल ना, नळी कोण बघतं म्हणून?

पाणीकाका: पहिल्याच आठवड्यात विचारलं. म्हटलं, नवीन माणूस दिलाय. चुणचुणीत आहे.

ट्रेनर: काका.

पाणीकाका: काय सांगणार? तिकडे बाळ काचेच्या पेटीत. तिला म्हणू, ये, माझी नळी बघ?

ट्रेनर: मग तुम्ही जायचं. नोकरी सोडून.

पाणीकाका: गेलो होतो की. चार दिवसांची रजा मागितली होती. बदलीचा माणूस देत नव्हते, म्हणून दोनच दिवस, सुट्टीला जोडून. दोन खोल्यांचं घर. जावई रात्रपाळीला, म्हणजे दिवसा झोपलेला. मी जिन्यात बसलो होतो. शेजारीण विचारायला लागली, कोण हवंय? म्हटलं, कोणी नाही, मी इथलाच. आता रोज संध्याकाळी ही फोन लावते. फोन ओट्यावर ठेवते आणि बाळाला भरवते. मी इकडे जेवतो. बोलायला फारसं काही नसतं. वाटीत चमचा फिरतो तेवढा ऐकू येतो. झालं की म्हणते, ठेवते. मी म्हणतो, ठेव.

ट्रेनर: सहा चौतीस. झाली तीन मिनिटं.

पाणीकाका: तुम्हीच वाचा.

ट्रेनर: पॉइंट दोन.

पाणीकाका: दुसऱ्या टाकीनंतर?

ट्रेनर: दुसऱ्या टाकीनंतर.

पाणीकाका: म्हणजे दोन्ही टाक्या संपल्यात. पुढे काही अडवायला नाही.

ट्रेनर: पुढे मेंब्रेन आहे.

पाणीकाका: मेंब्रेन क्षार अडवतं. क्लोरीन त्यातून जातं आणि जाता जाता त्यालाच खातं. रक्तात गेलं की लाल पेशी फुटतात. तुम्ही शिकवलंत, मॅडम. सगळं पाठ आहे माझं.

ट्रेनर: मेंब्रेननंतरच्या क्षारांच्या मीटरवर किती येतं हल्ली?

पाणीकाका: चार यायचं. आता अकरा.

ट्रेनर: चाराचं अकरा झालं आणि तुम्हाला काही वाटलं नाही?

पाणीकाका: वाटलं, मेंब्रेन म्हातारं झालं. नवीन द्या म्हणून दोन पत्रं टाकली, पोच आहे माझ्याकडे.

ट्रेनर: नळीवर शंका नाही आली?

पाणीकाका: आली. रात्री यायची. सकाळी परत शून्य दिसायचं, मग बरं वाटायचं.

सिस्टर: हॅलो, प्लांट? डॉक्टर निघालेत, वीस मिनिटांत पोचतील. त्यांचा एकच प्रश्न आहे. क्लोरीन कधीपासून आहे?

ट्रेनर: आज सहा वीसला होतं, एवढं सांगा.

सिस्टर: आणि काल?

ट्रेनर: कालचं माहीत नाही.

सिस्टर: माहीत नाही कसं? वहीत असेल की.

ट्रेनर: वहीतलं धरू नका.

सिस्टर: पाणीकाकांची वही? अहो, तुम्ही नवीन आहात. त्या वहीवर आम्ही घड्याळं लावतो.

ट्रेनर: वेळा बरोबर आहेत. आकडे धरू नका. तुम्ही कशासाठी विचारताय, सिस्टर? काही दिसलंय का?

सिस्टर: दोन पेशंटांचं हिमोग्लोबिन उतरतंय. दोन महिने झाले. इंजेक्शन वाढवून बघितलं, तरी उतरतंच आहे. एक ते मास्तर, खिडकीजवळच्या खुर्चीतले, आणि एक ती बँकेतली मुलगी. डॉक्टर म्हणत होते, आजारच तसा आहे, होतं असं. आत्ता तुमचा निरोप दिला तर त्यांनी पहिली याच दोघांची नावं घेतली. काका, तुम्ही आहात ना तिथे? बोलत का नाही?

पाणीकाका: आहे.

सिस्टर: मग सांगा की यांना, वही बरोबर आहे म्हणून.

पाणीकाका: मॅडम सांगतायत ते बरोबर आहे, सिस्टर.

सिस्टर: ...बरं. ठेवते. पेशंट विचारतायत.

पाणीकाका: मॅडम, शहराच्या पाणीखात्याने कालच क्लोरीन वाढवलं असेल, असं होऊ शकतं का? पाणी गढूळ आलं की वाढवतात. टाक्यांवर एकदम भार आला असेल.

ट्रेनर: होऊ शकतं.

पाणीकाका: आणि दोन महिन्यांपासून असेल, असं?

ट्रेनर: तेही होऊ शकतं.

पाणीकाका: कळणार कशावरून?

ट्रेनर: वहीवरून कळलं असतं. ते समोर भिंतीवर तुमचं प्रमाणपत्र आहे. खाली सही कोणाची आहे?

पाणीकाका: तुमचीच. अकरा वर्षांपूर्वीची. तेव्हा सही मोठी होती तुमची.

ट्रेनर: नळी वाचायची परीक्षा मीच घेतली असणार. पास कसे झालात?

पाणीकाका: जाऊ द्या ना.

ट्रेनर: नाही. कसे?

पाणीकाका: आम्ही बारा जण ओळीने उभे होतो. तुम्ही नळी वर धरलीत आणि म्हणालात, हे बघा, फिका गुलाबी, म्हणजे किती? तक्ता मला तोंडपाठ होता. फिका गुलाबी म्हणजे पॉइंट दोन. सगळ्यांत आधी मीच उत्तर दिलं. तुम्ही शाबास म्हणालात.

ट्रेनर: रंग मीच सांगितला.

पाणीकाका: सगळेच सांगतात, मॅडम. शिकवणाऱ्याच्या तोंडून निघूनच जातं. त्यात तुमचं काय चुकलं?

ट्रेनर: तेव्हापासून चारशेवर प्रमाणपत्रं दिलीत मी. शाळेत, कारखान्यात, जहाजावर. दोन दिवस शिकवायचं, सही करायची, पुढची गाडी पकडायची. कोणाला डोळ्यांचं विचारल्याचं आठवत नाही.

पाणीकाका: सगळ्यांचेच काही माझ्यासारखे नसतात.

ट्रेनर: शंभरात सात-आठ पुरुषांचे असतात. मी आता जे पाहिलं ते लिहितेय. प्रमाणपत्राचंही लिहितेय. तुम्ही वाचून घ्या.

पाणीकाका: आठ महिन्यांचं काय लिहिणार?

ट्रेनर: ते लिहायला मला एक तारीख लागेल. घरच्यांनी शेवटची नळी कधी वाचली?

पाणीकाका: निघाली त्या सोमवारी. गाडी साडेसातची होती. बॅग खांद्याला अडकवून त्याच दारात उभी राहिली. पॉइंट शून्य पाच म्हणाली. आणि म्हणाली, कोळसा बघा आता, चढायला लागलंय.

ट्रेनर: चढायला लागलंय असं म्हणाल्या?

पाणीकाका: हो.

ट्रेनर: आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला शून्य दिसलं.

पाणीकाका: मला वाटलं, उतरलं असेल आपोआप.

ट्रेनर: काका, कोळसा संपत आला की आकडा उतरत नाही. तो चढतच जातो.

पाणीकाका: पाठ आहे, मॅडम.

सिस्टर: हॅलो. डॉक्टर आलेत. सहाही जणांचं रक्त काढून लॅबला पाठवलं. पेशी फुटल्यात का, किती, ते त्यात कळेल. रिपोर्ट चार वाजता. पाच जणांना गाडीने दुसऱ्या हॉस्पिटलात हलवतोय, सहाव्या बाईंचे भाऊ त्यांना घेऊन जातील. आणि डॉक्टर म्हणतात, आकडे कुठपर्यंत खरे आहेत ते आत्ता हवंय. तोंडी नको. ज्याने वाचले त्याच्याकडून.

ट्रेनर: अर्ध्या तासात देते.

पाणीकाका: ज्याने वाचले त्याच्याकडून म्हणजे...

ट्रेनर: म्हणजे त्यांना विचारावं लागेल. शेवटचा आकडा, तारीख, आणि त्या काय म्हणाल्या ते. फोन मी करू की तुम्ही करता?

पाणीकाका: आत्ता बाळाच्या अंघोळीची वेळ आहे.

ट्रेनर: मी करते मग. नंबर द्या.

पाणीकाका: नको. अनोळखी आवाज ऐकून घाबरेल. करतो मीच.

ट्रेनर: मी बाहेर थांबू?

पाणीकाका: बसा. बाहेर कुठे जाता.

ट्रेनर: बरं.

पाणीकाका: हॅलो... मीच. नाही, प्लांटवरूनच बोलतोय... हो, खाऊनच निघालो. बाळाला धरलंयस का? मग आधी त्याला खाली ठेव, नीट ठेव... ठेवलंस? ऐक. नाही गं, मला काही झालेलं नाही. इथे झालंय. किती झालंय ते चार वाजता कळेल.