चप्पल पळवणारा भुऱ्या

चहा घ्या अन् ऐका. आज मी तुमच्यात बसलो आहो तो माझ्या कुत्र्याच्या मेहेरबानीनं.

वरठीच्या अपार्टमेंटमध्ये नळ, मोटर, लाइट सारं मीच पाहतो. वय झालं बासष्ट. मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर टाकी धुवाले गेलो, तर कोणीतरी आतून दाराची कडी लावून टाकली. मोबाइल खाली, टाकी रिकामी. दार ठोकून ठोकून थकलो. डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली होती.

आवाज ऐकून भुऱ्या जिन्यात भुंकत होता, पण सारे कूलर लावून झोपलेले. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची रामटेके बाई झाडू माराले दारात आली, तर त्यानं तिची दारातली चप्पल तोंडात धरली अन् वर पळाला. मागं झाडू घेऊन बाई! दारापाशी तिले माझं कण्हणं ऐकू आलं. तिनं कडी काढली, मले सावलीत बसवलं, पाणी पाजलं.

मी हात जोडले. "बाई, तुम्ही आल्या म्हणून वाचलो."

"मले कायले हात जोडता, काका? मी तर त्याले झोडपाले आली होती."

मग मी भुऱ्याले हात जोडले. माझ्यासंग बाईनंही जोडले.